रस्त्यापलीकडच्या वन्सं

—नाही, नाही, ते सगळं नंतर, आधी कानातली ती बुचं काढ. दोन्ही काढ. मी काय बोलते ते तुला ऐकूच येणार नसेल तर पँटची उंची कशी ठरवायची आपण, खाणाखुणा करून? हां. आता स्टुलावर चढ आणि सरळ उभी राहा — मोबाइलमध्ये बघत वाकलीस की मागची बाजू वर जाते, मग नव्या नोकरीत पहिल्याच दिवशी घोट्याच्या वर पँट घेऊन जाशील आणि नाव माझं जाईल. आलीस कुठून तू? पलीकडून? ते कळलंच मला. माझं तोंड भिंतीकडे असतं, पण कान थोडेच भिंतीकडे असतात — तो करकचून लागलेला ब्रेक ऐकला, त्या टेम्पोवाल्यानं तुझ्या सात पिढ्यांचा केलेला उद्धार ऐकला. सगळ्या रस्त्यानं ऐकला, एक तू सोडून. तुझ्या कानात गाणं चाललं होतं. हसतेस काय? मधल्या रेलिंगची ती वाकवलेली सळई, तिथून अंग चोरून आलीस ना? बघ, बाहीला गंज लागलाय. शी! हा डाग आता निघायचा नाही, सांगून ठेवते. आणि डागाचं काय घेऊन बसलीस, तू निघालीस त्यातून धड, ते तुझं नशीब.

तुला एकटीला नाही म्हणत मी. तुला एकटीला काय म्हणायचं, जो तो तिथूनच येतो. पाठीवर दप्तरं घेतलेली मुलं येतात, दोन्ही हातांत पिशव्या घेतलेल्या बायका येतात, परवा एक जण अख्खी सायकल त्या फटीतून ओढत होता — आणि गाड्या थांबतात होय? गाडीत बसलं की माणसाला होतं तरी काय गं? घरी हाच माणूस दाराशी उभा राहून 'आधी तुम्ही, छे छे, आधी तुम्ही' करत असतो, आणि एकदा काच वर गेली की त्याला समोर माणूसच दिसेनासा होतो. आमचे हे म्हणायचे — हे बस चालवायचे, सगळी नोकरी स्टिअरिंगमागे गेली, कुणाला ओरखडा नाही काढला कधी — हे म्हणायचे, खरं सांगू का, वरून माणसं दिसत नाहीत, अडथळे दिसतात. मला किळस आली होती ऐकून. जेवायला बसलो होतो आम्ही. म्हटलं, अहो, मी अडथळा? तर म्हणाले, तू नाहीस गं, बाकीचे. हलू नकोस, टाचणी लागेल. तोंडात टाचण्या आहेत म्हणून अशी बोबडी बोलते मी, एरवी नाही.

आणि फूटपाथ? फूटपाथवरून चालावं म्हणशील, तर तो ठेवलाय का कुठे? रस्ता रुंद करताना दोन्हीकडचा तासून नेला, राहिला त्यावर औषधवाल्याच्या गिऱ्हाइकांच्या मोटरसायकली, आणि सिग्नलला गर्दी झाली की मागचे वरच चढवतात गाड्या. माझ्या दारातून! मी पायरीवर उभी असताना एकानं मला हॉर्न दिला, माझ्या स्वतःच्या पायरीवर! म्हटलं, येतोस का आत, माप घेते तुझं. थुंकला तो. खरंच थुंकला गं, तिथे, उंबऱ्याशी. मी बादलीभर पाणी ओतलं तरी माझ्या डोळ्यांसमोरून जाईना.

आता ते रेलिंग — ते कुणामुळे लागलं ठाऊक आहे तुला? आमच्या वन्संमुळे. यांची थोरली बहीण. हो, तीच. 'होल्डबाई' म्हणतात ना सगळे, तीच माझी नणंद. बघ, तुलाही माहीत आहे नाव. पण माणूस माहीत नाही.

वन्सं सगळा जन्म मोठ्या हॉस्पिटलात टेलिफोनवर होत्या. ऑपरेटर. लग्नबिग्न केलं नाही, करायला वेळच नव्हता म्हणायच्या, सारखी घंटी वाजायची. आवाज असा की पलीकडचा माणूस रडत असला तरी गप्प व्हायचा. 'होल्ड करा' म्हटलं की मोठमोठे डॉक्टर होल्ड करायचे. नोकरी संपली आणि आल्या आमच्याकडे राहायला, इथे वरच घर आहे आमचं, दुकानावर. आता खोटं कशाला बोलू, मला काही आनंद नाही झाला. माझ्या घरात माझ्या टॉवेलच्या घड्या उलगडून परत घालायची ती बाई. चहा पिऊन झाला की कप उपडा घालायची आणि माझ्याकडे बघायची, म्हणजे मी कधी घालत नाही हे मला कळावं. मी शिवलेला कोट घालून आरशात उभी राहून म्हणायची, 'वहिनी, डावा खांदा जरा रागावलाय का?' रागावलाय! तोंडात टाचण्या असतात म्हणून बरं, नाहीतर काय बोलले असते कोण जाणे.

मग यांना झटका आला. डावी बाजू गेली. जीव वाचला, बोलणं वाचलं, पण पाय असा, पोत्यासारखा, मागून ओढत आणायचा. डॉक्टर म्हणाले रोज व्यायाम, रोज चालणं, आणि व्यायामाचं सेंटर कुठे, तर पलीकडे. दिसतं ना तिथून, ती हिरवी पाटी. नुसता रस्ता ओलांडायचा. तेव्हा इथे झेब्रा होता, समोरच, आणि चालणाऱ्यांचा दिवाही होता. पण तो हिरवा माणूस बघितलायस कधी? तू खाली पाय ठेवेस्तोवर लुकलुकायला लागतो. धडधाकट माणसानं पळत सुटावं आणि आमच्या यांनी मध्ये अडकावं, दोन्ही बाजूंनी भोंगे. पहिल्या दिवशी मी नेलं. परत आलो तेव्हा यांचा शर्ट घामानं चिंब, आणि म्हणाले काय, 'मी आयुष्यभर ह्या बाजूनं कधी बघितलंच नाही गं.' दुसऱ्या दिवशी जायलाच तयार होईनात. पांघरूण घेऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

वन्सं आल्या, पांघरूण ओढलं, म्हणाल्या, 'धाकल्या, ऊठ. मी नेते.' आणि नेलं. कसं नेलं? हात वर केला, असा, तळवा पुढे, आणि पहिल्या गाडीच्या काचेत बघून म्हणाल्या, 'होल्ड करा.' ओरडून नाही हं. टेलिफोनवर बोलायच्या तशा. आणि ती गाडी थांबली! मी दुकानातून बघत होते, तेव्हा मशीन खिडकीशी होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एक गिऱ्हाईक होती समोर, ती म्हणाली, कोण हो ही? म्हटलं, काय माहीत.

मग रोजचंच झालं ते. आणि हे शिकवायचे तिला — बसमधला शहाणपणा आता बहिणीला. ड्रायव्हरच्या डोळ्यांत बघ, तो बघतोय असं समजू नकोस, बघितल्याची खात्री कर. उभ्या गाडीचं पुढचं चाक बघ, चाक वळलं की गाडी वळणार, दिवा दाखवो न दाखवो. बसच्या पुढून जाऊ नकोस, बसचा आरसा तुला दिसत नसेल तर तू त्याला दिसत नाहीस. आणि पळायचं नाही. पळालं की माणूस पडतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचं — हे तू पण ऐक, मोबाइल ठेव खाली — थांबलेली गाडी मारत नाही. तिच्या बाजूनं जी येते ती मारते. एक भला माणूस थांबतो, मागच्याला वाटतं हा का थांबला, तो बाजूनं काढतो, आणि त्या भल्या माणसाच्या गाडीआडून तुला काही दिसत नसतं. तिथे थांबून डोकवायचं. दर वेळी. वन्सं डोकवायच्या, मान बाहेर काढून, बगळ्यासारखी, आणि मगच यांना पुढे घ्यायच्या.

हळूहळू लोक यायला लागले गं त्यांच्याबरोबर. आधी एक आजोबा, काठीवाले. मग एक बाई, बाबागाडी घेऊन. मग कोण कोण. सकाळी खाली कडेला उभे राहायचे सगळे, वन्संची वाट बघत, स्टॉपवर उभे राहतात तसे. ह्या जिना उतरायच्या, पांढरे बूट, माझ्याच हातचा तो रागावलेला कोट, आणि म्हणायच्या, 'चला, लाइन जोडते.' हात वर. होल्ड करा. आणि ती सगळी वरात हळूहळू पलीकडे. कुणी भोंगा वाजवला तर तिथेच उभ्या राहायच्या, त्याच्याकडे बघत, तो गप्प होईपर्यंत. लोक हसायचे. मी मशीनवर मान खाली घालून बसायचे. लाज वाटायची मला. हो, वाटायची, तुला नसती वाटली? पण एक सांगते, हे सुधारत होते. पाय उचलायला लागले होते. रात्री जेवताना दोघं बहीणभाऊ आजच्या गाड्यांच्या नकला करून खिदळायची आणि मी एकटी वाढत असायचे.

वळ जरा. दुसरा पाय. असा.

तो दिवस — काय सांगू, भर उजेडाचा दिवस होता. पाऊस नाही, धुकं नाही, काही नाही. हिरवा माणूस होता. एक मोठी निळी गाडी आली, आत एक बाई, वन्संनी हात केला, ती थांबली. चांगली थांबली, रेषेच्या मागे, आतून हात करून 'जा' म्हणाली. ह्या निघाल्या. गाडीच्या टोकाशी आल्या, आता डोकवायचं, तेवढ्यात मागे यांचा बूट निघाला. डाव्या पायातला. तो पाय असा ओढला जायचा ना, बूट निसटायचा कधी कधी. वन्सं मागे वळल्या. 'धाकल्या, बूट —' एवढंच म्हणाल्या, ओठ दिसले मला इथून, ऐकू नाही आलं, आणि अर्धं पाऊल पुढे होत्या त्या. निळ्या गाडीच्या बाजूनं ती पांढरी आली.

मी इथे मशीनवर होते. सुई माझ्या बोटातून गेली, हे बघ, हे. ते मला संध्याकाळी कळलं, हॉस्पिटलात, कुणीतरी म्हणालं तुमच्या हाताला काय झालंय.

पण मी तुला ते सांगत नाही. मी तुला पुढचं सांगते, कारण पुढचं जे झालं ना, त्यानं मला जास्त ओकारी येते. तो पांढऱ्या गाडीतला उतरला. चांगला शिकलासवरलेला, इस्त्रीचा शर्ट. आणि पहिल्यांदा कुठे बघितलं त्यानं? बंपरकडे! वाकला, हात फिरवला बंपरवरून, आणि मग वन्संकडे बघितलं. 'अचानक आल्या,' म्हणाला. झेब्र्यावर, हिरव्या दिव्यात, पांढरे बूट घालून, मुंगीच्या पावलानं, अचानक! लोक जमले. मी धावत खाली, म्हणजे बाहेर, गेले तर मला वाट मिळेना, सगळ्यांचे हात वर, मोबाइल धरलेले. कुणी पाणी नाही, कुणी कोट काढून घातला नाही तिच्या अंगावर. आणि हे? हे तिथेच मध्ये उभे, एका पायात बूट, काठीवर लटपटत, ना पुढे जाता येत ना बहिणीपाशी वाकता येत. एक जण यांना काय म्हणाला सांगू? म्हणाला, 'काका, जरा बाजूला व्हा, मागे ट्रॅफिक तुंबलंय.' मी पाठमोरा बघितला त्याला. तोंड बघितलं असतं ना, तर आज मी इथे बसून पँटी आखूड करत नसते.

आणि ती निळ्या गाडीतली बिचारी. एकटी ती रडत होती. वन्संचं डोकं मांडीवर घेऊन रस्त्यात बसली होती. तिलाच लोक बोलत होते — 'तुम्ही थांबलात म्हणून झालं.' ऐकतेस ना? थांबली ती चुकली!

जगल्या. वन्सं जगल्या, नाहीतर तू काय ऐकत असतीस. मांडीचं हाड, खुब्याचं हाड, आत काय काय स्क्रू. त्यांच्याच जुन्या हॉस्पिटलात होत्या, पडल्या पडल्या त्या नव्या ऑपरेटरचा आवाज स्पीकरवरून ऐकायच्या आणि म्हणायच्या, 'दम नाही हिच्या आवाजात.' भेटायला येणारे काय एकेक नग! या वयात कशाला जायचं रस्त्यावर. भडक कपडे घालायला पाहिजेत. तुमचंच लक्ष नसेल. पोलीस आला, चांगला होता तसा, त्यानं विचारलं, 'बाई, फोनवर बोलत होतात का?' तर वन्सं म्हणाल्या, 'जन्मभर. फक्त त्या दिवशी नाही.' त्याला काही कळलं नाही. हे मात्र हसले, खुर्चीतून पडायचे राहिले, आणि मग हसता हसता रडायला लागले, आणि मी बाहेर जाऊन उभी राहिले.

आणि मग आले साहेब लोक. मोजमापं घेतली रस्त्याची, मला वाटलं, आता करतील काहीतरी, गाड्यांना आळा घालतील. काय केलं? चोर सोडून संन्याशाला फाशी! झेब्रा पुसला. काळा रंग फासला त्यावर. चालणाऱ्यांचा दिवा काढून नेला. मधोमध हे रेलिंग ठोकलं आणि पाटी लावली — धोक्याची जागा, रस्ता ओलांडू नये. म्हणजे गाडीनं माणसाला मारलं तर माणसाला बंदी! आता पलीकडे जायचं तर पेट्रोल पंपाच्या पुढे तो पूल. चढलीस कधी? नाही ना? कोण चढणार! उभ्या भिंतीसारखा जिना, त्यावर मुताचा वास असा की डोळ्यांतून पाणी. लिफ्टची खोली बांधली आहे बरं का, कुलूप आहे तिला, आत कबुतरं असतात. त्यांना उघडून दिली असेल कुणीतरी.

झालं. उतर आता हळू. पडद्यामागे जाऊन बदल, टाचण्या सांभाळून काढ पँट, ओढू नकोस. बोलते मी इथून, ऐकू येईल.

वन्सं हॉस्पिटलातून सुटल्या, पण आमचा जिना त्यांना जमेना. खालच्या मजल्यावर जागा पाहिजे, आणि तळमजल्याची खोली मिळाली ती कुठे, तर पलीकडे. बेकरीच्या शेजारी, निळी खिडकी, बघितली असशील. बरोबर आमच्या खिडकीसमोर. गंमत बघ, आवाज दिला तर ऐकू जाईल एवढं अंतर, आणि भाऊ इकडे, बहीण तिकडे, मध्ये हे वाहतं गटार. कारण यांना पूल कुठला चढता येतोय, आणि एवढ्याशा अंतराला रिक्षावाला थांबतोय कशाला! सेंटरला जाणं बंद झालं. मांडीवर हात ठेवून खिडकीत बसायचे नुसते. पाय परत लाकूड व्हायला लागला. तर एक दिवस फोन वाजला. वन्सं. 'वहिनी, धाकल्याला द्या. आणि स्पीकरवर टाका.' तिकडे त्या खिडकीत, वॉकर पुढ्यात, इकडे हे. 'धाकल्या, दिसतेय का मी? पाय उचल. आणखी. होल्ड कर. होल्ड, होल्ड… सोड. आता दुसरा.' रोज! रोज सकाळी रस्त्याच्या डोक्यावरून व्यायाम घ्यायची ती बाई. सेंटरच्या मुलीकडून सगळं शिकून घेतलं होतं तिनं. स्वतःचा पाय उचलत नव्हता, त्याचा उचलून घेत होती. मी भांडी घासायचे आणि ऐकायचे. नळ बारीक करून. का बारीक करून? असंच. पाणी वाया कशाला घालवा.

आणि मग एका सकाळी मी इथे एका बाईच्या कोटाचं अस्तर उसवत होते, फोन आला. 'वहिनी, घाबरू नका. धाकल्या पोचलाय.' पोचलाय? कुठे पोचलाय? वर गेले तर घर रिकामं. काठी नाही, बूट नाहीत. खिडकीतून बघते तर हे तिकडच्या खिडकीत उभे, हात हलवतायत, वेड्यासारखे! पुलावरून गेला माणूस. एकटा. चढताना पायऱ्यांवर बसून, मागे सरकत, एकेक पायरी, त्या घाणीतून, हातानं पाय उचलून वर ठेवत. उतरताना तसंच. लोक यांना ओलांडून जात होते म्हणे. एकानं पुढ्यात नाणं टाकलं. यांनी ते उचलून त्याला हाक मारून परत दिलं, 'अहो, तुमचं पडलं.' आणि पँट! ती पँट बेकरीतल्या बाईनं आणून दिली, मी तीनदा धुवायला घालून फेकून दिली.

ते तिकडेच राहिले मग. सेंटर शेजारी आहे, खाली घर आहे, बहिणीलाही सोबत. 'पाय बरा होईपर्यंत राहतो,' म्हणाले. मी म्हटलं, राहा. बरंच आहे की. कधीपासून? थंडी होती तेव्हा. स्वेटर मी पाठवला, बेकरीतल्या बाईबरोबर. आता पंखे लागलेत. बरे आहेत, काठी न घेता चालतात खोलीतल्या खोलीत, वन्सं पण वॉकर सोडायला लागल्या आहेत. रात्री फोन करतात दोघं. वन्सं म्हणाल्या काल, 'वहिनी, तुमच्या टॉवेलांच्या घड्या चुकीच्या असतात, पण इथे कोण चुकीच्या घालणार, करमत नाही.' अशी बाई. माफी पण मागेल तर खोट काढून.

काय? मोठ्यानं बोल, पडद्याआडून नीट कळत नाही.

मी? मी कधी गेले म्हणजे? मला दुकान आहे ना इथे. दुकान कोण बघणार? तुझ्यासारख्या येतात घाईघाईच्या, परवा जॉइन व्हायचंय, आजच पाहिजे. रविवारी? हो, असतं बंद रविवारी. रविवारी माणसानं घर नाही का आवरायचं? आणि गुडघे माझे काय सोळा वर्षांचे आहेत? आणि तो वास तिथला, आणि ती घाण, मला नाही सहन होत, मला आधीच घाणीचं —

नाही गेले. एकदाही नाही. झालं तुझं समाधान?

जाते मी. दर रविवारी जाते. चांगले कपडे करून, यांचे इस्त्रीचे शर्ट पिशवीत घालून पुलापर्यंत जाते. चढते पण. वासाचं काय, रुमाल धरते नाकाला, वास नाही मारत कुणाला. वर गेलं की मात्र ती जाळी लागते, आणि जाळीतून खाली सगळा रस्ता दिसतो, ती काळी फासलेली जागा पण दिसते, अजून खालून पांढरं दिसतं तिथे, आणि मग माझे पाय — अर्धं अंग गेलेला माणूस बसून बसून पलीकडे गेला आणि मी, दोन्ही पाय धड असलेली, तिथे कठड्याला धरून उभी राहते आणि परत येते. पिशवी तशीच. रात्री फोनवर सांगते, गिऱ्हाईक आलं होतं. वन्सं 'बरं' म्हणतात. काही विचारत नाहीत. जन्मभर लोकांची खोटी कारणं ऐकली आहेत त्यांनी, त्यांना कळत नसेल?

दे ती पँट इकडे. टाचणी राहिली नाही ना पायात? शुक्रवारी ने. आणि तू पलीकडेच राहतेस तर ही पिशवी घे, शर्ट आहेत, निळी खिडकी, बाहेरूनच दिलीस तरी चालेल. चुरगाळू नकोस. काय म्हणशील त्यांना? काही म्हणू नकोस.

हात कशाला पुढे करतेस? … अगं, पिशवी दिली की. … नको. … मला धरून न्यायला मी काय आंधळी आहे? दुकान उघडं टाकून जाऊ? … बंद करता येतं, मलाही कळतं करता येतं. तू कोण, कालची पोर, कानात बुचं घालून टेम्पोपुढून येणारी, तू मला नेणार? … सोड. … सोड म्हणते ना! …

जा. ती बुचं खिशात ठेव, कानात नको. आणि त्या फटीतून नाही, पुलावरून जा. मी इथून — नाही. मी बघणार नाही. जा तू.